घरी कोण कोण असतं?

त्या विद्यापीठात नव्या प्राध्यापकांची ओळख करून द्यायची एक तऱ्हा होती. स्वतःबद्दल कुणी बोलायचं नाही. एका वर्षी एका गृहस्थांनी माइक हातात घेऊन आपल्या शोधनिबंधांचं जे दळण दळलं, ते जेवणाची वेळ टळली तरी संपेना. तेव्हापासून कुलगुरूंनी कानाला खडा लावला. आता चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, वीस मिनिटं चहा पीत एकमेकांना तीन प्रश्न विचारायचे, आणि मग मंचावर याने त्याची अन् त्याने याची ओळख करून द्यायची. काय शिकवता, घरी कोण कोण असतं, आवड कशाची. बस्स.

भूगोलाच्या सरांच्या वाट्याला संख्याशास्त्राच्या बाई आल्या. बाई तरतरीत, बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. घरी नवरा, जुळ्या मुली आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. सगळे सध्या विद्यापीठाच्या अतिथीगृहातल्या एका खोलीत दाटीवाटीनं राहत होते, मुली तर टेबलाखाली झोपत होत्या. सरांनी सगळं नीट ध्यानात ठेवलं. मग बाईंनी विचारलं, "आणि तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि ही," सर म्हणाले.

झालं! तीस वर्षांची जिभेची सवय, ती काय अशी सुटते? चौदा महिन्यांपूर्वी बायको गेली, जुनं घर खायला उठायला लागलं, म्हणून तर त्रेपन्नाव्या वर्षी हा माणूस बिऱ्हाड उचलून परक्या गावात आला होता. "नाही, म्हणजे..." असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. पण बाईंनी कप खाली ठेवला आणि मोठ्या हौसेनं विचारलं, "वहिनी कशा आहेत हो स्वभावानं?"

आता हे चौदा महिन्यांत कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, वेळेवर जेवता ना? झोप लागते ना? तिच्याबद्दल मात्र एक अक्षर नाही, जणू तिचं नाव काढलं की सर तिथल्या तिथे कोसळणार होते. सर बोलत सुटले. शब्दकोडं ती पेनानंच सोडवते, आणि अक्षर मावलं नाही की बाजूला एक चौकोन वाढवते. रस्ता तिच्या कधी लक्षात राहत नाही. मग भूगोलाच्या मास्तराशी लग्न कशाला केलं, म्हणते. भांडण झालं की कपाट आवरायला घेते, त्यामुळे घरातलं कपाट कायम लखलखीत! वीस मिनिटं कशी गेली कळलंच नाही, आणि तिसरा प्रश्न राहून गेला.

मंचावर बाईंनी सगळं रंगवून सांगितलं. कपाटापाशी सभागृह हसून हसून लोटपोट झालं. शेवटी बाई म्हणाल्या, "सरांची आवड विचारायची राहिली. पण ती तुम्हाला एव्हाना कळलीच असेल." टाळ्यांचा कडकडाट झाला. सरही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. किती दिवसांनी ती अशी चार माणसांत वावरत होती.

कार्यक्रम संपला तसा घरवाटपाचा कारकून फॉर्म घेऊन आला. "सर, नशीबवान आहात. कुटुंबाचं एकच क्वार्टर उरलंय, आणि वयानं मोठे म्हणून पहिला हक्क तुमचा. वहिनींचं नाव सांगा, लिहून टाकतो."

बाई शेजारीच होत्या. त्यांचा चेहरा उतरला, तरी त्या म्हणाल्या, "घ्या, सर. वहिनींना एका खोलीत कसं ठेवणार? आमचं होईल काहीतरी."

सरांना वाटलं, सांगून टाकावं नाव. कागदावर तरी दोघं एका घरात राहतील. कोण बघायला येणार होतं? मग टेबलाखाली झोपणाऱ्या त्या मुली आठवल्या आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"लिहू नका," ते म्हणाले. "मी एकटाच आहे. ती गेली, चौदा महिने झाले. क्वार्टर बाईंना द्या."

कारकुनाचा हात थांबला. बाई म्हणाल्या, "अगं बाई! मग मी आत जे सांगितलं, ते..."

"सगळं खरं होतं. फार छान सांगितलंत."

एकट्या माणसाच्या खोलीची किल्ली घेऊन सर निघाले. बाहेर जायची वाट चहाच्या टेबलांमधून होती. आता एकेकाला गाठून सांगत बसायचं म्हणजे पन्नास वेळा तेच वाक्य बोलायचं. ते खाली बघून चालू लागले, तेवढ्यात कुलगुरूंनी हाक मारली.

"अहो सर, रविवारी आमच्याकडे जेवायला या. आणि वहिनींना आणायचं बरं का! आमचंही कपाट आवरायचं राहिलंय."

सगळे हसले आणि सरांकडे बघू लागले.

"सांगतो तिला," सर म्हणाले, आणि जिना उतरून आपली खोली शोधायला गेले.