नऊ नंबरचा कॅन

मंगळवारी दुपारी सरकारी गाडी ब्राझीलमधल्या सेरोते गावच्या दूध सोसायटीसमोर थांबली. सरकारी दूध योजनेच्या वाल्मीर साहेबांनी मागचं दार उघडून चार क्रेट खाली उतरवले. क्रेटमध्ये शेळीच्या दुधाच्या थैल्या होत्या, सोसायटीचाच शिक्का असलेल्या. एकही फोडलेली नव्हती.

सोसायटीची अध्यक्ष इरासी कमरेच्या ॲप्रनला हात पुसत बाहेर आली. "हे काय साहेब? दूध परत?"

"आयांनी परत केलंय, दोना इरासी. म्हणतात, बोकडाचा वास येतो. पोरं तोंडाला लावत नाहीत." तिकडे बाईमाणसाला मानाने दोना म्हणतात.

करिरीच्या या कोरड्या मुलखात गाय जगवायची म्हणजे तोंडाला फेस येतो. निवडुंगाचे तुकडे खाऊन तग धरते ती शेळीच. पाराइबा राज्याचं सरकार हे दूध विकत घेऊन गरोदर बायांना आणि लेकुरवाळ्या घरांना फुकट वाटायचं. सेरोतेच्या बत्तीस घरांची चूल त्यावर चालायची. दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच.

"वरून हुकूम आलाय," वाल्मीर साहेब नजर चुकवत म्हणाले. "हे असंच राहिलं तर पुढच्या महिन्यापासून शेळीचा कोटा बंद. त्या जागी बाहेरून गाईचं दूध घ्यायचं. पंधरा दिवस देतो. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

"पंधरा पुष्कळ झाले," इरासी म्हणाली. तिचा संशय कुणावर होता ते गावाला सांगायची गरज नव्हती. सोसायटीतलाच झेनिवाल तिच्या थोरल्या लेकीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. त्या नात्याने दोघं एकमेकांना कोम्पाद्रे-कोमाद्रे म्हणायची आणि त्याच नात्याने वीस वर्षं भांडत आली होती. झेनिवालचा गोठा म्हणजे सगळा पसारा. त्याच्याच दुधाला वास येणार, हे तिच्या मनाने पक्कं धरलं.

दुसऱ्या दिवशी ती दूध वाटायच्या जागी, तालुक्याच्या शाळेत, स्वतः जाऊन उभी राहिली. मार्लुसे नावाच्या पोटुशा बाईने थैली फोडून तिच्या नाकाखाली धरली.

"घ्या, तुम्हीच हुंगा."

इरासीने हुंगलं. पुन्हा हुंगलं. "चांगलं तर आहे की गं!"

"चांगलं?" मार्लुसे हसली. "बाई, तुमचं नाक कुठे गहाण टाकलंय का? माझ्या घरात ही थैली फोडली की बोकड दार लोटून आत आल्यासारखं वाटतं."

भोवतीच्या बाया खो खो हसल्या. इरासीला राग आला, पण रागासोबत एक गोष्टही सुचली. आपलं नाक चालत नसेल, तर ज्यांना हे दूध प्यायचंय त्यांचं नाक वापरायचं.

शनिवारी तिने मार्लुसेला आणि आणखी दोघींना सोसायटीत आणलं. सोसायटीच्या प्रयोगशाळेतल्या झुसेलियाने प्रत्येक घरच्या कॅनमधलं थोडं थोडं दूध कोमट करून झाकणाच्या पेल्यांत भरलं. पेल्यांवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते एकट्या झुसेलियाच्या वहीत. बत्तीसही घरांची माणसं भिंतीला टेकून उभी होती.

तिघी एकेक झाकण उघडत गेल्या. वास येणारे चार पेले बाजूला निघाले. त्यातल्या नऊ नंबरशी पोचल्यावर मार्लुसेने हाताने नाक दाबलं आणि पेला हातभर लांब सरकवला. "हाच तो!"

"वाच," इरासी झुसेलियाला म्हणाली.

झुसेलियाने वही उघडली. तीन नावं वाचली. चौथ्याला थांबली.

"अगं वाच ना! कोम्पाद्रे काही तुला खाणार नाहीत."

"नऊ नंबर तुमचा आहे, दोना इरासी."

झेनिवालने डोक्यावरची चामड्याची टोपी काढली, पुन्हा घातली. "कोमाद्रे," तो शांतपणे म्हणाला, "माझा बोकड गेल्या वर्षापासून ओढ्यापलीकडे बांधलेला असतो. त्याचा वास दुधाला लागतो म्हणून सुनेने हट्टच धरला होता. तुम्ही कधी आलात बघायला?"

इरासीला क्षणभर वाटलं, वहीच चुकली म्हणावं. पण समोर बत्तीस घरं उभी होती.

"नाही आले," ती म्हणाली. "चूक माझी. झुसेलिया, कागद आण. या चार कॅनचं दूध उद्यापासून सोसायटी घेणार नाही. वास जाईपर्यंत." आणि अध्यक्ष म्हणून तिने स्वतःच्याच कॅनविरुद्धच्या हुकमावर सही केली.

घरी नवरा, अमारो, ऐकून खाटेवर बसला. त्यांचा बोकड म्हणजे त्याचा जीव की प्राण. नाव ठेवलं होतं 'नगराध्यक्ष', कारण काम न करता रुबाब मोठा. जत्रेत दोनदा बक्षीस मिळवलेला तो प्राणी धार काढायच्या जागेशेजारीच बांधलेला असायचा.

"पाराइबातच काय, ब्राझीलमध्ये याच्या तोडीचा बोकड नाही," अमारो म्हणाला. "त्याला घराबाहेर काढणार तू?"

"बोकडांच्या वासात तीस वर्षं राहून माझं नाक मेलं, अमारो. लोकांच्या लेकरांचं नाही मेलं."

रविवारी प्रार्थना सुटायच्या वेळेला, भर उन्हात, ती 'नगराध्यक्षा'ला दोरी लावून गावातून चालवत निघाली. चर्चच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "काय दोना इरासी, नगराध्यक्षांची बदली झाली वाटतं!"

"हो! बायकांपासून लांब ठेवायचंय. तुमच्या घरचाही आणा!"

झेनिवालने ओढ्यापलीकडचं कुंपण वाढवून दिलं होतं. आठवडाभरात तिथे एकोणीस बोकड जमले. जो बोकडांना वैरण घालेल त्याने धार काढायची नाही, असा नियम इरासीने केला. आचळं धुवायची, दूध तासाभरात थंड टाकीत पोचवायचं. जिथे कुणी टाळाटाळ करी, तिथे ती सकाळी धारेच्या वेळेला जाऊन उंबऱ्यावर बसे. कॉफी दिली तर पिई, पण उठत नसे.

स्वतःचं दूध मात्र ती रोज घरी नासवत होती आणि त्याचं वासाचं चीज डुकरांपुढे जात होतं. अमारो बोलत नव्हता. गोठ्याची जमीन हातभर खणून तिने नवी माती घातली, तरी दुसऱ्या शनिवारी तिचा पेला पुन्हा बाजूला निघाला. बाकीचे तिघे पास झाले.

"राहू द्या आता, कोमाद्रे," झेनिवाल म्हणाला. "एका कॅनने काय होतंय? गुपचूप ओता टाकीत."

"एका कॅनने अख्खी टाकी नासते, म्हणून तर हे सगळं चाललंय," ती म्हणाली. घरी जाऊन तिने बोकड जिथे अंग घासायचा ते जुनं लाकडी फाटक उपटलं आणि जाळून टाकलं. या वेळी अमारोही कुदळ घेऊन आला. संध्याकाळपर्यंत नवे खांब उभे राहिले.

पंधराव्या दिवशी वाल्मीर साहेब आले. त्या आठवड्यात वाटलेल्या दुधातल्या फक्त सहा थैल्या परत आल्या होत्या, त्याही फुटक्या म्हणून. कोटा राहिला. पूर्ण नाही, चौथा हिस्सा सहा महिने गाईच्या दुधाला गेला. इरासीने साहेबांशी तासभर वाद घातला, तो हिस्सा काही सुटला नाही. पण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची, आणि ती आयांच्या नाकाने करायची, एवढं तिने कागदावर लिहून घेतलं.

तिचा कॅन चौथ्या शनिवारी पास झाला. मार्लुसेने झाकण उघडून हुंगलं, मग पेला तोंडाला लावून अर्धा रिकामा केला आणि विचारलं, "हा कुणाचा?"

"सांगते," इरासी म्हणाली. "आधी सगळा पी."