थोरला आत गेला का?

बोईसरहून नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका चाळीत खंडेराव एकटेच राहायचे. उभं आयुष्य कारखान्यात फिटरकी करण्यात गेलं. बायको वारली, मुलगा पुण्याला स्थिरावला आणि साताऱ्याकडच्या गावात आता आपलं कोण, म्हणून ते इथंच राहिले. शेजारच्या दोन खोल्यांत ख्रिस्ती मंडळींचं अभ्यास केंद्र उघडलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्याच घातल्या. पण मधली भिंत पातळ. कारखान्यांच्या सुट्टीला तिथं वर्ग भरायचा आणि शिकवणाऱ्या दीपिकाचा आवाज असा खणखणीत, की ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडायचाच.

एकदा ती एका बापाची आणि त्याच्या दोन मुलांची गोष्ट सांगत होती. धाकटा वाटणी घेऊन परमुलखात गेला आणि सगळं उधळून उपाशीपोटी परत आला. बापानं त्याला पोटाशी धरलं, घरात जेवणावळ घातली. थोरला शेतावरून आला, वाजंत्री ऐकली आणि रागानं बाहेरच थांबला. बाप त्याची समजूत काढायला अंगणात आला...

खंडेरावांनी पेपर बाजूला टाकून भिंतीला कान लावला. तेवढ्यात पलीकडे प्रार्थना झाली आणि वर्ग सुटला.

"आणि पुढं?" ते भिंतीलाच म्हणाले.

पुढच्या सुट्टीला केंद्राला कुलूप. दीपिका भातकापणीला विक्रमगडकडे आपल्या गावी गेलेली. खंडेरावांना काही सुचेना. भाजी आणताना, दाढी करताना, तो थोरला आपला डोळ्यांसमोर उभाच. शेवटी कुलूप निघालं त्या दिवशी त्यांनी चपला घातल्या.

"नाना, तिकडं कुठं?" समोरच्या खोलीतला कैलास हसला. "बाटताय की काय?"

"गोष्टीचा शेवट विचारून येतो," खंडेराव म्हणाले आणि निघालेच.

दीपिकानं त्यांना खुर्ची दिली. प्रश्न ऐकून ती म्हणाली, "काका, गोष्ट तिथंच संपते."

"अगं, संपते काय? माणूस दारात उभा आहे!"

"तो आत गेला की नाही, ते सांगितलेलंच नाही. मलाही लहानपणापासून तेच कोडं पडलंय."

मग वर्गात एकच कल्ला झाला. कुणी म्हणालं गेला, कुणी म्हणालं कशाला जाईल. वीटभट्टीवर काम करणारी बुधी, जव्हारकडची म्हातारी, इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मला येगळंच कोडं पडलंय. त्या पोरांची आई कुठं हाय?"

दीपिकानं पुन्हा ते पान काढलं, वरपासून खालपर्यंत वाचलं. आई कुठंच नव्हती.

त्या दिवसापासून खंडेराव वर्गाला येऊन बसू लागले. प्रार्थनेच्या वेळी ते उठून बाहेर जायचे, गोष्टीच्या वेळी परत यायचे. त्याला कुणाची हरकत नव्हती. नाताळ जवळ आला तसं हीच गोष्ट अंगणात करून दाखवायचं ठरलं. थोरला कोण होणार? सगळ्यांनी खंडेरावांकडे पाहिलं.

"या वयात?"

"आवाज तुमचाच आहे काका," दीपिका म्हणाली. "आणि चिडताही छान."

नाताळच्या संध्याकाळी चाळीतली सगळी माणसं जमली, कैलाससुद्धा. अंगणात खेळ चालला होता आणि दाराआड खोलीत नंतरच्या जेवणासाठी बुधी भाकऱ्या थापत होती. खंडेराव दाराशी तोंड फिरवून उभे राहिले. "मी इतकी वर्षं राबलो, मला कधी कुणी विचारलं?" हे वाक्य म्हणता म्हणता त्यांचा आवाज चिरकला. तो तालमीत कधी चिरकला नव्हता. बाप झालेला माणूस आपलं बोलून बाजूला झाला. खेळ इथंच संपायचा होता. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

एवढ्यात बुधी पिठाच्या हातानंच बाहेर आली. तिनं खंडेरावांचं मनगट धरलं. "चल रं पोरा. भाकर निवते हाय."

ती पोर म्हणाली तेव्हा काहीजण हसले. खंडेराव हसले नाहीत. त्यांनी दीपिकाकडे पाहिलं. तिलाही काय करावं ते कळत नव्हतं. जेवायला चल असं त्यांना हाताला धरून कुणी म्हटल्याला किती काळ लोटला होता! आपण आता जातो की नाही, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. मग त्यांचे पाय आपोआप उचलले गेले आणि ते उंबरा ओलांडून आत गेले.

मागून दीपिका धावत आली. "बुधीआजी, अगं, गोष्टीत असं नाही!"

"नसंल," बुधी म्हणाली. "मंग काय, त्याला उपाशी ठेवायचा व्हता?"

 दीपिकानं ताटं मांडायला घेतली. खंडेराव भिंतीला टेकून बसले. गरम भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण त्यांच्यापुढं आलं. बाहेर कैलास मोठ्यानं विचारत होता, "आत गेले का हो नाना?"