नळीच्या पलीकडचा डोळा

काचेची नळी निवडणं म्हणजे भाजी निवडणं नव्हे, असं सासूबाई सुनेला येता-जाता ऐकवायच्या. ऐकवताना नाक असं उडवायच्या, की भाजी तरी हिला निवडता येते का, अशी शंका कुणालाही यावी. दोघी एकाच टेबलावर काम करायच्या. बर्नरच्या ज्योतीवर काच वितळवायची आणि तिचे मणी, गोट्या, पदकं करायची. त्यातही त्यांचं नाव होतं ते उलट्या कामासाठी. उलटं काम म्हणजे नक्षी काचेवर काढायची नाही. नळीचं तोंड तापवून फुलवायचं, आतल्या अंगाला रंग लावायचा आणि तोंड मिटून टाकायचं. आत गेलं ते गेलं. मग बाहेरून बघावं तर आतलं इवलंसं फूल भिंगाखाली धरल्यासारखं मोठं दिसतं. पण त्यासाठी नळी जाड भिंतीचीच लागते. पातळ घेतली की फूल तेवढंच राहतं आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं.

नळ्या निवडायचं काम सुनेच्या नवऱ्याचं होतं. साधा ताप काय आला, आणि चांगला धडधाकट माणूस डोळ्यांदेखत गेला. वर्ष होत आलं तरी सूनबाई नळीवाल्याच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. पण घरातल्या नळ्या संपल्या होत्या आणि काम तर करायलाच हवं होतं.

दुकानात ती एकेक नळी सपाट फळीवर लोळवून बघत होती. सरळ नळी गपगुमान लोळते, वाकडी थडथडते. मग ती नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि आरपार बघायचं. आत ओरखडा असेल, काचेत हवेची रेघ असेल, तर तिथेच कळतं. तिने निम्मा गठ्ठा बाजूला काढला तेव्हा नळीवाला वैतागला.

"वहिनी, नळी घेताय की जावई शोधताय?"

"जावई परवडला. वाकडा निघाला तर चार शब्द सुनावता तरी येतात."

शेवटी एक नळी मिळाली. भिंत जाड, आत कुठे रेघ नाही, पलीकडे उजेडाचं बटणाएवढं गोल. ती बघत असताना ते गोल क्षणभर विझलं आणि पुन्हा उजळलं. खिडकीवरून कुणी गेलं असेल, असं तिला वाटलं. तिने तीच नळी घेतली.

घरी आल्यावर सासूबाईंनी ती तपासायला मागितली. सुनेने निवडलेली वस्तू पुन्हा तपासली नाही तर त्यांना अन्न गोड लागायचं नाही. नळी उजेडाकडे धरून त्यांनी डोळा लावला.

"पलीकडे कोण आहे गं?"

"कुणी नाही, आई. खिडकी आहे."

"खिडकी मला नको शिकवूस."

मग नळीला डोळा तसाच लावून त्या बोलल्या, पण सुनेशी नाही. लेकाशी बोलायचा त्यांचा आवाज वेगळा होता, आणि तो वर्षभरात घरात कुणी ऐकला नव्हता. "इतका उशीर करतात होय रे, बाळा?"

सूनबाईने नळी जवळजवळ हिसकावूनच घेतली. आधी उजेड दिसला. मग कडेने काहीतरी सरकत आलं आणि त्याने उजेड झाकला. तो डोळा होता. काळाभोर, ओला, पापण्यांचे केस वेगवेगळे मोजता यावेत इतका जवळ. तिच्याकडे बघून तो एकदा मिटला आणि उघडला. तिने मान वर करून पाहिलं. नळीच्या टोकाशी खिडकीची बंद काच, त्यापलीकडे रिकामं अंगण. तिने नळी उलटी धरली, तर डोळा त्याही टोकाला होता. तिची पाचावर धारण बसली.

"आई, हे काहीतरी भलतंच आहे. ह्यांचे डोळे घारे होते. हा काळा आहे."

"पोटात मी वाढवलं त्याला, आणि डोळ्यांचा रंग तू सांगणार मला?"

झालं, त्या दिवसापासून सासूबाईंनी खिडकीपाशी बैठक मारली. बर्नर पेटवणं बंद. नळी डोळ्याला लावायची आणि तासन्‌तास बोलत बसायचं. पाण्याचा नळ गळतो, शेजारणीने भिंत रंगवली, तुझी बायको मीठ जास्त घालते. शेवटचं वाक्य मुद्दाम मोठ्याने. सूनबाई ताट घेऊन यायची, तर "आधी त्याचं होऊ दे" म्हणून ताट तसंच परत. त्यांच्या डोळ्याभोवती नळीचा गोल वळ उठला तो मावळेनाच. गालफडं बसली. अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लोंबायला लागले. सूनबाईने समजावलं, रडून सांगितलं, एकदा तर पायही धरले. ऐकतील तर शपथ.

एका सकाळी त्यांनी अगदी सहज विचारलं, "नळी तापवून खूप फुलवली, तर तिच्यात माणूस मावेल का गं?"

दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण ही बाई गेली तर या घरात आपल्याशी भांडायला कोण उरणार, असं सूनबाईला वाटलं. पलीकडे जे कुणी आहे ते आईंना बोलावून घेतंय, आणि तो काही आपला नवरा नाही, याबद्दल तिला आता तिळमात्र शंका राहिली नाही. ह्यांनी आईला उपाशी ठेवलं नसतं.

नळी फोडायची तिला भीती वाटत होती. फुटल्यावर आतलं इकडे आलं म्हणजे? तेव्हा आपल्याला जे येतं तेच करायचं, आतलं काचेत मिटून टाकायचं, असं तिने ठरवलं. दुपारी सासूबाईंना बसल्या जागी डुलकी लागली, तेव्हा तिने त्यांच्या बोटांतून नळी सोडवली आणि बर्नर पेटवला. मधला बोटभर तुकडा ठेवून दोन्हीकडून काच तापवली, ओढली, दोन्ही तोंडं मिटली आणि फिरवत फिरवत त्याची गोटी केली. शेवटचं भोक मिटताना आतली हवा बारीक सूं करून निघते, ते नेहमीचंच. आज ते जरा लांबलं. तिने मान फिरवून घेतली आणि हात थांबू दिला नाही.

नळीच्या उरलेल्या दोन्ही तुकड्यांतून तिने पाहिलं. स्वच्छ उजेड, बाकी काही नाही. गोटी एकदम गार होऊन तडकू नये म्हणून सावकाश निवायला भट्टीत ठेवून ती तिथेच जमिनीवर बसली आणि पोटभर रडली. सुटलो आपण, असं तिला वाटलं.

सासूबाईंची डुलकी रात्रभर मोडली नाही, उपाशी अंगाला ग्लानीच आली होती. सकाळी सूनबाईने भट्टी उघडली. तयार माल पांढऱ्या कागदावर ठेवून, समोरून उजेड घेऊन बघायचा असतो, तशी तिने गोटी ठेवली. काचेच्या पोटात डोळा होता, चांगला सुपारीएवढा दिसत होता. आणि तो घारा होता. बुबुळाच्या डाव्या कडेला तपकिरी ठिपका, जो तिने लग्नानंतर पहिल्यांदा जवळून पाहिला होता आणि ज्यावरून ती त्याला चिडवायची.

पाठीमागे उजेड असला की तो अडवणाऱ्या वस्तूचा कुठलाही रंग काळाच दिसतो. ज्योतीवर आयुष्य काढलेल्या बाईला हे कुणी सांगायला हवं होतं का? पण नळीतून बघताना तिने एकदाही उजेड बदलून पाहिला नव्हता. तिने गोटी हातात घेतली.

सासूबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही. आता ही बाई आपल्याला फाडून खाणार, आणि खाऊ दे, असं तिला वाटलं. सासूबाईंनी गोटी घेतली, तळहातावर फिरवली, खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितली.

"मिटत नाहीये गं तो," त्या म्हणाल्या. "पापणी कुठे आहे त्याची?"

पापणी नव्हती. काच बुबुळाला चिकटून मिटली होती. डोळा सासूबाईंकडे बघत होता, मग सुनेकडे, मग पुन्हा सासूबाईंकडे. आतलं बाहेर काढायचं तर गोटी फोडायला हवी, आणि फोडली तर डोळ्याचं काय होईल, हे दोघींनाही माहीत होतं.

"झोपणार कसा हा आता?"

"आई, मला वाटलं..." सूनबाईने पदर डोळ्यांना लावला.

सासूबाईंनी डाव्या तळहातावर गोटी ठेवली आणि उजवा तळहात वरून धरला, कुठून फट राहत नाही ना ते वाकून पाहिलं, आणि खुर्चीत बसल्या.

"रडायचं नंतर," त्या म्हणाल्या. "आधी जेवून घे. मग ये आणि तू धर, म्हणजे मला दोन घास खाता येतील."