पायरीवरची पेंढी

चंद्रकलाबाईंनी धानाची पेंढी वेदीपाशी नेली आणि ऐन ठेवायच्या वेळी हात मागे घेतला.

अड्याळच्या त्या लहानशा प्रार्थनाघरात हंगामाच्या सणाची रीत ठरलेली. नव्या धानाची पहिली पेंढी वेदीवर टेकली की ढोलकीवर थाप पडायची आणि गाणं उठायचं. त्याआधी नाही. पेंढी ठेवायचा मान मंडळीतल्या थोरल्या बाईचा, म्हणजे चंद्रकलाबाईंचा, आणि मान कसा मिरवावा हे कोणीही त्यांच्याकडून शिकावं. नवं लुगडं, ताठ मान, वेदीपर्यंत सावकाश चाल. ढोलकीवाल्या तुलारामनं हात उचललेलाच होता. तो तसाच वर राहिला.

सगळा घोळ केला होता पाळकसाहेबांच्या उपदेशानं. वचन जुनंच, बाईंना तोंडपाठ. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. दरवर्षी बाई ते ऐकायच्या, धाकट्या जावेला, शकुनबाईला, मनातल्या मनात क्षमा करून टाकायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. शकुनबाईनं प्रार्थनाघर सोडलं, बोलणं टाकलं, तरी आपण क्षमा केली. आणखी काय पाहिजे? पण आज पाळकसाहेब म्हणाले, की वाडवडील या वचनाचा अर्थ नीट धरून होते, आपणच सोयीनं विसरलो. तुमचा राग कोणावर आहे, हे प्रभू इथं विचारतच नाही. तुमच्यावर कोणाचा राग आहे, ते विचारतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल, त्यानंच उठायचं.

झालं! बाईंच्या काळजात कुसळ रुतलं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली शकुनबाईच्या रीनानं बौद्ध घरातल्या मुलाशी लग्न ठरवलं. तेव्हा मंडळीतलं कोणी त्या मांडवात जाणार नाही, असं ठणकावून सांगणारं तोंड कोणाचं होतं? यांचंच. आणि यांचा शब्द मोडायची छाती अड्याळात कोणाची होती?

बाईंनी पेंढी वेदीखालच्या पायरीवर ठेवली. तुलारामला थांबायला सांगितलं आणि भर सणातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बाहेर पडल्या. पाळकसाहेबही बघतच राहिले. उपदेश इतका लागू पडेल, असं त्यांनाही वाटलं नसावं.

शकुनबाई अंगणात वाळत घातलेलं धान पायानं खालीवर करत होती. जावेला फाटकात पाहून तिचा पाय थांबला.

"सण सोडून इकडं काहून आल्या, बाई?"

"तुह्या मनात माह्याबद्दल काय हाये, ते आयकाले."

शकुनबाई बोलायला लागली, तर थांबेना. इतक्या वर्षांचं साचलेलं, सगळं बाहेर आलं. नवरदेवाकडच्या माणसांनी मांडव भरला होता आणि आपल्या बाजूला नवराबायको दोघंच उभे होते, हे तिनं सांगितलं. शेवटी तिचा आवाज बारीक झाला.

"पोरगी हार हातात धरून रस्त्याकडं पाहून राहिली होती. मोठी आई येईनच म्हणे."

मोठी आई म्हणजे थोरली काकू, चंद्रकलाबाईच. त्यांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. कधी नव्हतं? पण आज त्यांनी ते गिळलं, आणि ते गिळणं काही सोपं नव्हतं.

"चूक माह्यीच हाये, शकुन. रीनाच्या दारातही जाऊन हेच म्हणीन."

शकुनबाईनं पदरानं डोळे पुसले. बाईंनी तिला प्रार्थनाघरात चलायला सांगितलं, तर ती धानाकडे बोट दाखवू लागली. धान उघडं टाकून कसं यायचं, कोंबड्या फस्त करतील म्हणाली. निमित्त होतं, दोघींनाही कळत होतं. बाईंनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि नव्या लुगड्यानिशी खाली मातीत बसकण मारली.

"धान मी राखीन. पेंढी पायरीवर हाये. तू ठेव."

"मी? तो मान तुमचा हाये, बाई."

"आता तुहा."

शकुनबाईनं पायाला लागलेलं धान झटकलं. मग आत गेली, पाय धुतले, लुगडं बदललं आणि फाटकाबाहेर पडली. कुठं गेली, कोण जाणे. अर्ध्या वाटेवरून शेजारणीकडे वळली तर? मंडळीनं तोंडं फिरवली तर? बाईंनी जन्मभर मान राखला, पण कोणाची वाट बघत कधी बसल्या नव्हत्या. वाट बघणं काय असतं, ते आज कळलं. त्या प्रार्थनाघराकडे कान लावून बसल्या. तिकडून काहीच येईना.

आणि मग थाप पडली!

तुलारामनं ढोलकी अशी घुमवली की फुटते की काय वाटावं, आणि तिच्यामागून सगळ्या मंडळीचं गाणं कौलांवरून अंगणात आलं. चंद्रकलाबाई उभ्या राहिल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि गळा मोकळा सुटला होता. इतक्या मोठ्यानं त्या वेदीपुढेही कधी गायल्या नव्हत्या.

कडवं संपल्यावर त्यांनी खाली पाहिलं. कोंबड्या खुशाल धानात शिरल्या होत्या. बाई काठी घेऊन त्यांच्यामागे धावल्या, गात गातच.