मागून येईल त्याला नाव

ऑफिसात तिला सगळे आत्याबाई म्हणत, कारण नावं ठेवण्याचं खातं तिच्याकडे होतं. माणसांना नव्हे, प्रोग्रामांना. माणसांनाही ती ठेवायची, पण त्याचा पगार मिळत नव्हता.

शहरात कुणालाही रुग्णवाहिका हवी असली की ज्या केंद्रात फोन यायचा, तिथली सगळी व्यवस्था जावा या संगणकी भाषेतल्या एका ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालायची, आणि त्या सर्व्हरची नामसेवा तिने बांधली होती. नामसेवा म्हणजे काय, तर चौकात उभा राहून पत्ता सांगणारा माणूस. वरच्या मजल्यावर मुली फोन घ्यायच्या. त्यांच्या संगणकांना ‘गाडी नेमणारा’ प्रोग्राम कुठल्या मशीनवर बसलाय, हे ठाऊक नसे. ते नुसतं नाव घेऊन विचारत, नामसेवा ठिकाण दाखवी, आणि आजारी माणसाचा पत्ता, दुखणं, सगळं तिकडे पोचे. मशीन बदललं तरी नाव तेच, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे.

हे बांधताना एकाच प्रश्नाने तिचं डोकं खाल्लं होतं. एखादा प्रोग्राम सुरू होऊन म्हणाला, ‘मी गाडी नेमणारा’, आणि त्या नावावर आधीच दुसरा कुणी बसलेला असला, तर? आधी तिने चोख नियम केला होता: नाव दिलेलं आहे, चालता हो. पण मशीन धाडकन बंद पडलं की त्याचं नाव तसंच अडकून राही. पुन्हा सुरू झाल्यावर त्यालाच स्वतःचं नाव मिळत नसे, मग कुणीतरी हाताने ते सोडवायचं. प्रत्येक वेळी साहेब तिच्या डोक्यावर येऊन बसायचे. शेवटी एकदा वैतागून तिने नियमच उलटा केला. मागून येईल त्याला नाव. ना पडद्यावर लाल अक्षरं, ना कटकट. साहेबांनी पाठ थोपटली, बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि तीही खूश झाली. कटकट मिटली की विचार करणंही थांबतं, हा सगळ्या हुशार माणसांचा रोग आहे.

त्या दिवशी दुपारी तिच्या आईचा फोन आला.

“अगं, बाबांच्या छातीत कळ आलीय. घामाने नुसते भिजलेत. तू घाबरू नकोस हं. मी गाडीला फोन केलाय, निघाली म्हणाले.”

बाबांचं हृदय आधीच अधू होतं. पुन्हा कळ आली तर अजिबात वेळ दवडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गाडी निघाली होती. तिनेच बांधलेल्या व्यवस्थेतून निघाली होती. “मी येतेच,” म्हणत तिने पर्स उचलली.

दारातच मास्तर भेटले. मास्तर म्हणजे तळमजल्यावर नव्या मुलामुलींना गाड्या नेमायचं काम शिकवणारे गृहस्थ. त्यांची सरावाची खोली आजच सुरू झाली होती. तिथे फोन खोटे, गाड्या खोट्या, आणि पडद्यावरचे ठिपके तेवढे पळायचे.

“आत्याबाई, मानलं तुम्हाला!” मास्तरांचा चेहरा फुलला होता. “काय एकेक प्रसंग पाठवताय वरून! आमचे नकली फोन त्यापुढे पोरखेळ वाटतात. आता एक म्हातारे गृहस्थ आले, छातीत कळ, घामाने भिजलेले, फोन बायकोने केलेला. पोरांनी चुटकीसरशी गाडी नेमली. पोचवलीसुद्धा!”

“मी काहीच पाठवलं नाही, मास्तर.”

“मग कोण पाठवतंय? आणि काय बारकावे! बाई म्हणे, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला, जिन्यात ह्यांची सायकल आहे, अडखळू नका.”

ती सायकल बाबांची होती.

“तुमचं सरावाचं मशीन कुणी तयार केलं?”

“साहेबांनी. खऱ्या मशीनची हुबेहूब नक्कल करून दिली.”

हुबेहूब, म्हणजे नावासकट. सकाळी ती नक्कल जागी झाली असणार, म्हणाली असणार, ‘मी गाडी नेमणारा’. आणि नामसेवेने, तिनेच शिकवल्याप्रमाणे, हूं की चूं न करता खऱ्याचं नाव काढून नकलेला दिलं असणार. तेव्हापासून आलेला प्रत्येक फोन तळमजल्यावर जात होता. वरच्या मुलींना हिरव्या अक्षरांत ‘गाडी निघाली’ दिसत होतं, आणि खऱ्या गाड्यांवरची माणसं, आज बरं निवांत आहे, म्हणत पाय पसरून बसली होती. रस्त्यावर एक चाक हललं नव्हतं.

ती धावत जागेवर आली. खऱ्या प्रोग्रामला नाव परत द्यायचं, तर तो बंद करून पुन्हा सुरू करायला हवा होता, आणि त्याला वेळ लागायचा. नावच पुसून टाकलं, तर मात्र त्या क्षणी वरचे सगळे पडदे लाल झाले असते, आणि गाड्यांना थेट हाक मारायला मुलींनी वायरलेस हातात घेतला असता. ती टाइप करू लागली, तोच साहेबांनी मागून पाहिलं.

“काय करतेस? वेड लागलंय का? अख्खं केंद्र बंद पडेल! आधी वरिष्ठांची परवानगी येऊ दे.”

“बंदच आहे ते, साहेब. नुसतं हिरवं दिसतंय.”

घाईत नाव दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा ते पुसलं गेलं. वरच्या मजल्यावर एकच गलका उठला. ती जिन्याने वर धावली आणि पहिल्याच मुलीच्या कानात ओरडल्यासारखा घरचा पत्ता सांगितला. त्या मुलीने वायरलेसवर गाडीला हाक मारली, पलीकडून माणसाचा आवाज आला, आणि तो आवाज ऐकून तिला रडूच फुटलं.

मग आईला फोन. “आई, गाडी आत्ता निघतेय.”

“अगं, ती तर मघाशीच…”

“नव्हती निघाली. आई, बाबांशी बोलत राहा. त्यांना झोपू देऊ नकोस.”

फोन चालूच ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहिली. आई बाबांना कसल्याशा जुन्या भांडणाची आठवण करून देत होती. बाबा हूं म्हणत होते. प्रत्येक हूं ती मोजत होती. बऱ्याच वेळाने दार वाजलं, पावलं वाजली, आणि आई म्हणाली, “आले गं. मास्क लावलाय. गाडीवाले विचारतायत कोणत्या गोळ्या चालू आहेत, ठेवते मी.”

ती मटकन खुर्चीत बसली. वाचले, वाचले, एवढंच डोक्यात फिरत होतं. मास्तर समोर कधी येऊन उभे राहिले, ते तिला कळलंच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आता रंग उरला नव्हता.

“आत्याबाई,” ते हळूच म्हणाले, “सकाळपासून आमच्याकडे बरेच आले होते.”

तिने एकाच पत्त्याचा विचार केला होता. एकच सांगितला होता. बाकीच्यांची मुलगी या ऑफिसात नव्हती. स्वतःची अशी लाज तिला कधी वाटली नव्हती.

मुली वायरलेसवर एकेक पत्ता सांगू लागल्या, आणि कुणीतरी घरोघर फोनही करायला हवे होते. सकाळचा पहिला नंबर मास्तरांनी सांगितला, तो तिने स्वतः लावला. लगेच उचलला गेला. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता.

“गाडीवाले ना? बरं झालं बाई. मी पुन्हा फोन केला, तर तुमची मुलगी म्हणाली, गाडी पोचल्याचं दिसतंय. म्हटलं, जिना चढत असतील. दार उघडंच ठेवलंय.”

“आजी, आजारी कोण आहे? कसे आहेत?”

“आमचे हे. सकाळी फार तळमळत होते हो. आता कधीचे शांत झोपलेत. उठवू का?”