खंडेनवमीची रायफल

मी एक जुनी विलायती रायफल आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे वापरून झिजलेली नव्हे, नुसती टांगून जुनी झालेली. वापरून म्हातारी झालेली वस्तू निदान दमलेली तरी असते. मला तेवढंही सुख नाही.

माझा जन्म साता समुद्रापार एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर चांदीची पट्टी, आणि नळीच्या आत नाजूक आटे. त्या आट्यांमुळे गोळी फिरत फिरत सरळ जाते. माझी नळी उजेडाकडे धरून तिथला म्हातारा कारागीर आरपार बघत राहिला आणि ही कधी चुकणार नाही, असं त्यानं आपल्या भाषेत सांगितलं. त्याचं म्हणणं खरं ठरलं. मी आयुष्यात कधी कुठलं जनावर चुकले नाही. चुकायला आधी जनावरावर सुटावं लागतं.

पुढे मी हैदराबादच्या एका दुकानात काचेच्या कपाटात उभी राहिले. निजामाचं राज्य होतं. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारजवळचे एक जमीनदार, अर्जुनराव देशमुख, कोर्टाच्या कामाला हैदराबादेत आले होते. खटला ते हरले. हरलेला माणूस मोकळ्या हातानं गावी जात नाही. ते माझ्या कपाटासमोर थांबले.

"साब, ये चीज सात पुश्त चलती," दुकानदार म्हणाला.

यातही खोटं काही नव्हतं. जी वस्तू चालवायचीच नाही, ती सात पिढ्या टिकते. चार चांगल्या बैलजोड्या येतील एवढ्या मोलाला मी विकले गेले. जालन्यापर्यंत आगगाडी, तिथून बैलगाडी. शहागडला गोदावरी नावेतून ओलांडताना मालकांनी मला मांडीवर घेतलं होतं. त्यांच्या बायकोचा संदूक मात्र नावेच्या तळाशी भिजत होता.

देशमुखांच्या ओसरीवर मला मोठ्या खुंटीवर टांगलं. शेजारच्या लहान खुंटीवर एक काळीकुट्ट ठासणीची बंदूक होती. शिरूरच्या लोहारानं घडवलेली. दस्ता बाभळीचा, अंगाला दारूचा वास. मालकांचा राखणदार सटवा तिला 'काळी' म्हणायचा. रानडुकरं हाकायला, लांडग्याला पळवायला, वरातीत बार काढायला तोच तिला घेऊन जायचा. संध्याकाळी आला की गरम पाण्यानं नळी धुवायची, गजाला चिंधी गुंडाळून पुसायची आणि तिला खुंटीवर निजवायची. मला तिच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटत. पण ती थकून आलेली असे, लगेच झोपी जाई.

सटवा काही मोठा शहाणा माणूस होता असं समजू नका. तो गप्पिष्ट होता, थापाड्या होता, एका डोळ्यानं त्याला कमी दिसायचं आणि ते तो कबूल करायचा नाही. मी आल्या दिवशी सारं गाव मला बघायला लोटलं. धुळाजी नावाचा मेंढपाळ लांबूनच मान वाकडी करून बघत होता.

"मालक, एक इचारू का?" तो म्हणाला. "हिच्या गोळीनं मेलेला वाघ जास्ती मरतो का?"

लोक खो खो हसले. मालक हसले नाहीत.

"अरे धुळाजी, तुझ्या घोंगडीला आणि काश्मिरी शालीला एकच ऊब असती का बे?"

"तसं न्हाई मालक. घोंगडी मी पावसात नेतो. शाल कुटं न्यायची, ती सांगा."

मालकांनी मला एकदाच चालवलं. बांधावर मडकं ठेवलं आणि चाप ओढला. माझा धक्का त्यांना ठाऊक नव्हता. मडकं जागच्या जागी राहिलं. मालक मात्र मागं बसले, आणि मग बरेच दिवस खांदा शेकत राहिले. त्यात माझी चूक नव्हती. त्यांनी डोळे मिटले होते. त्यानंतर ते पाहुण्यांना सांगत, "ही मोठ्या जनावराची चीज आहे. मडक्याबिडक्याला नाही वापरायची."

त्याच सुमारास सटवानं काळीची नळी त्यांच्यासमोर धरली होती.

"मालक, बुडाशी चीर पडलीया. बारीक हाय, पर हाय. लोहाराकडून लोखंडी कडं घालून घिऊ."

"आता तिच्यावर कावून खर्च करायचा सटवा? ही आणली की नवी."

"ही तुमची. रानात मी काय घिऊन जाऊ?"

"बघू पुढं."

माझ्यापायी मालकांचा हात आखडला होता. सटवानं चिरीवर पितळी तार गुंडाळली आणि तसंच काम चालू ठेवलं. ते 'पुढं' काही आलं नाही.

मग ते साल उजाडलं. पाऊस कमी झाला होता. डोंगरातून एक बिबट्या उतरून गावाच्या रानात राहू लागला. आमच्याकडे त्यालाही वाघच म्हणतात. आधी त्यानं शेळ्या नेल्या, मग एका म्हातारीला फाडलं. बाजरी कापणीला आली होती, आणि पिकात शिरायला माणसं भीत होती.

तेवढ्यात नवरात्र आलं. तुम्हाला माहीत असेलच, खंडेनवमीला घरातली हत्यारं देवीपुढे मांडून पूजतात. आणि एकदा पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत उचलायचं नसतं. दरवर्षी त्या चौरंगावर काळी बसायची. त्या वर्षी मला बसवलं. अर्जुनरावांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, माझ्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. सटवा दारात उभा राहून बघत होता.

"मालक, काळीला जागा न्हाई का?"

"चौरंगावर मावत नाही."

"न्हाई मावत तर ऱ्हाऊ द्या. एक हळदीचं बोट तरी लावा तिला. ती बी वरीसभर राबलीया."

"भंगाराला कुणी हळद लावतं का बे?" मालक म्हणाले आणि आरती सुरू झाली.

मला त्या वेळी बरं वाटलं, मित्रांनो. अंगावर फुलं पडत असली की कुणालाही आपण मोठे वाटतो.

आरतीची उदबत्ती अजून जळत होती, तोच धुळाजी पळत आला. मेंढरं सोडून आला होता, यावरून काय ते समजा.

"सटवा! आरं सटवा! तुजी सत्यभामा माळ्यावर हाय आन खाली वाघ बसलाय!"

सत्यभामा ही सटवाची लेक. सणाला सासरहून आली होती. वर काही भीती नाही असं समजून बाजरीवरची पाखरं राखायला गोफण घेऊन माळ्यावर चढली होती. चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला तो माळा, माणसाच्या डोक्यापेक्षा जरासा उंच. बिबट्याला त्या उंचीचं काहीच नसतं.

"वर चढला न्हाई अजून," धुळाजी धापा टाकत म्हणाला. "खाली फिरतोय. पोरगी दगड मारतीया. दगडं सरत आलेत."

सटवाचा चेहरा मी पाहिला. थापाड्या माणसाच्या तोंडातले शब्द संपले की तो फार म्हातारा दिसतो.

"मालक," तो म्हणाला, "ती विलायती उचला. आन चला."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. आज. कारागिराचा शब्द आज खरा होणार. माझ्या नळीला एकही चीर नव्हती. लांबून, बांधावरूनच, एका गोळीत काम झालं असतं. मी त्याचसाठी तर जन्मले होते.

"पूजेला बसलीया ती," मालक हळूच म्हणाले. "आज उचलता येत नाही. उद्या सीमोल्लंघन झालं की पहिली गोळी मीच घालतो बघ."

"मालक, त्या वाघाला कोण सांगणार आज नवमी हाय म्हून?"

"रीत आहे सटवा. मी काय करू?"

रुक्मिणीबाई मागे उभ्या होत्या. एरवी त्या चारचौघांत बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"आवं, उचला ती. देवी पोरीबाळींचीच असती. पाप लागलं तर माझ्या माथी."

मालकांनी उजवा हात पुढे केला. आणि मग तोच हात नकळत खांद्यावर गेला, जुन्या दुखऱ्या जागेवर. तिथेच राहिला. देवीचा कोप त्यांना किती वाटत होता, हे मला सांगता येत नाही. खांद्याचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

सटवा जास्त थांबला नाही. त्यानं खुंटीवरून काळी ओढली. तिची पूजा झालेली नव्हती, त्यामुळे तिला उचलायला कुणाची हरकत नव्हती. बिनमानाच्या वस्तूला एवढा एक फायदा असतो.

दारू भरताना त्याची बायको दगडाबाई धावत आली.

"आवं, किती घालताय? तिला चीर हाय न्हवं?"

"एकच बार मिळणार, दगडे. परत ठासायला वाघ थांबतोय व्हय? लागला पाहिजे तर नीट लागला पाहिजे." त्यानं दुप्पट दारू ठासली, चिंधी ठासली, छर्रे ठासले. चिरीवरची तार बोटानं चाचपली. मग दगडाबाईला म्हणाला, "येताना पोरीला घिऊन येतो. पुरण टाकून ठिव."

मी देवीपुढे बसून होते. बार मला ऐकू आला. बार कसा असतो हे मला ठाऊक आहे. तो आवाज बारासारखा नव्हता.

पुढचं धुळाजीनं ओसरीवर येऊन सांगितलं. सटवा सरपटत थेट माळ्याजवळ गेला होता. कमी दिसायचं ना त्याला. लांबून मारायची हिंमत नव्हती. पोरगी वरून ओरडत होती, "आबा, मागं फिरा!" बिबट्या वळला, तेव्हाच सटवानं चाप ओढला.

"वाघ जागीच पडला," धुळाजी म्हणाला. "आन सटवा बी पडला. काळी बुडातून फुटली, मालक. डावा हात ऱ्हायला न्हाई त्याचा. तोंड समदं भाजलंय. पोरगी बरी हाय. तिनंच पदर फाडून बांधलं."

मालकांनी खाली बघतच गड्यांना हाक मारली. मग म्हणाले, "गाडी जुंपा. बीडच्या दवाखान्यात न्या त्याला."

दुसऱ्या दिवशी दसरा. सीमोल्लंघन झालं, आणि मला उचलण्यातला दोष संपला. शिरूरला दौऱ्यावर आलेले एक अंमलदार बिबट्याची बातमी ऐकून बघायला आले. त्यांच्याजवळ काळ्या कापडाचा कॅमेरा होता. मेलेल्या बिबट्याला अंगणात आणून टाकलं, मालकांना त्याच्यामागे उभं केलं, आणि कुणीतरी मला त्यांच्या हातात दिलं.

"वाह देशमुख साहब, क्या चीज है!" अंमलदार माझ्या चांदीच्या पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले. "देसी बंदूक से ये काम नहीं होता."

वाघ मीच मारला, असं मालक काही म्हणाले नाहीत. ते नुसते उभे राहिले. मीही नुसती उभी राहिले. माझ्या आयुष्यात माझी जी काही स्तुती झाली, ती एवढीच. कॅमेऱ्यासमोर आम्ही तिघं होतो, आणि आमच्यात कामाचा फक्त बिबट्या होता. तो निदान खरोखर मेला होता.

त्याच वेळी सटवाची गाडी बीडच्या वाटेवर होती. बीड दिसायच्या आधीच तो गेला. दगडाबाईनं गाडी तिथूनच वळवली. पुरण तिनं टाकून ठेवलं होतं. ते कुणी खाल्लं नाही.

या गोष्टीला आता कैक वर्षं झाली. तसबीर अजून भिंतीवर आहे. लोक ती बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि म्हणतात, "महाग वस्तू ती महागच." मालक अशा वेळी उठून आत जातात. त्या दिवसानंतर त्यांनी मला हात लावला नाही. माझ्या गोळ्या डब्यात हिरव्या पडल्या. आट्यांत कोळ्यानं जाळं विणलं. दर खंडेनवमीला मात्र मी न चुकता चौरंगावर बसते. माझ्या शेजारी काळीपुरती जागा मोकळीच असते. मावत नाही, अशी तक्रार कुणी करत नाही.

सटवा गेल्यावर दगडाबाई आमच्याच अंगणातल्या चुलीवर गड्यांच्या भाकरी थापू लागली. फुटलेल्या काळीचा पुढचा चांगला तुकडा तिनं लोहाराकडून कापून घेतला आणि त्याची फुंकणी केली. मी खुंटीवरून रोज बघते. धूर झाला की ती वाकते, काळीला तोंड लावते, आणि जाळ धरतो. खंडेनवमीला ती फुंकणीला हळदीचं एक बोट लावते आणि लगेच चुलीत फुंकर घालते.

"अगं, आज पूजलेलं वापरत नसतात," एकदा रुक्मिणीबाई म्हणाल्या. दोघींत आता मालकीण-मोलकरीण असं फारसं उरलं नव्हतं.

"देवीला राग आला तर येऊ द्या, बाईसाहेब. भाकरी थांबत न्हाई."

रुक्मिणीबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही मोडून तुला अजून एक फुंकणी करून देऊ का गं?"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या गंजलेल्या चापातसुद्धा जीव आला. दगडाबाई उठली. तिनं मला खुंटीवरून काढलं, हातात तोलून बघितलं. तिचे हात पिठानं भरलेले होते. इतक्या वर्षांत मला कामाचा हात लागला तो हाच.

"नको बाई," ती म्हणाली. "लई जड हाय."

आणि तिनं मला परत टांगलं.

माझं एवढंच मागणं आहे. घरात महाग वस्तू आली म्हणून राबणाऱ्या वस्तूची डागडुजी टाळू नका. आणि जिच्यासाठी पैसे मोजले, तिला वेळेला खाली उतरवा. फुलं नंतर वाहा. माझ्या दस्त्यावर दगडाबाईच्या बोटांचं पीठ अजून आहे. ते तेवढं कुणी पुसू नका.