उजव्या पायाचा जोर

रुचिका भालेराव पुन्हा विमान चालवायला निघाली, तेव्हा शांताबाईंनी लेकीला एवढंच बजावलं, की पायाला जप. जपायची सवय त्या घराला एव्हाना चांगलीच जडली होती.

अपघात झाला होता कोन गावाजवळ. सुट्टीच्या दिवशी भिवंडीहून कल्याणला मैत्रिणीकडं जाताना एका टेम्पोनं तिच्या स्कूटरला बाजूनं ठोकलं आणि उजव्या मांडीच्या हाडाचे तुकडे झाले. ती तेव्हा एका विमान कंपनीत को-पायलट होती, नुकतीच कुठं घडी बसली होती. एक ऑपरेशन झालं, हाड जुळेना म्हणून दुसरं झालं, मांडीत सळई आली, मग कुबड्या, मग काठी. वडील लहानू भालेराव महापालिकेच्या पाणीखात्यातून रिटायर झालेले. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते दर रविवारी तिला रिक्षानं अकलोलीच्या गरम कुंडांवर घेऊन जायचे आणि ती पाय शेकत बसली, की स्वतः काठावर बसून पेपर वाचायचे. घरात तिला कुणी पाण्याची बादली उचलू देत नसे. जिना उतरताना आई एक पायरी पुढं, वडील एक पायरी मागं.

अशी वर्षं गेली. शेवटी काठी सुटली, डॉक्टरांच्या बोर्डानं तपासून पाय ठीक असल्याचं सांगितलं आणि कंपनीनं बोलावणं धाडलं.

पण बोलावलं म्हणजे लगेच उडवलं, असं त्या धंद्यात नसतं. लायसन कपाटात शाबूत असलं तरी हात चालू राहिला नाही तर पायलटला प्रवाशांच्या विमानात बसू देत नाहीत. आधी वर्ग, मग सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच हलणारं खोटं विमान, त्यात परीक्षा, आणि त्यानंतर खऱ्या विमानात शिकवणाऱ्या कॅप्टनच्या शेजारी बसून काही फेऱ्या. रुचिकाला यातल्या कशाचंच ओझं वाटत नव्हतं. वर्गात ती शाळेच्या पहिल्या दिवसासारखी खुशीत बसली. कुठलं बटण कुठं, कशामागून काय करायचं, हे तिनं घरी भिंतीवर कॉकपिटचं चित्र चिकटवून इतकं घोटलं होतं, की लहानूंनाही अर्धं पाठ झालं होतं.

सिम्युलेटरमध्ये शिकवायला कॅप्टन विनिता होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पहिलं उड्डाण छान झालं, उतरणंही बरं झालं. मग विनितांनी विमान धावपट्टीवरून उचलतानाच डावं इंजिन बंद पाडलं. अशा वेळी विमानाचं नाक मेलेल्या इंजिनाकडं वळतं आणि ते सरळ ठेवायला दुसऱ्या बाजूच्या पायानं पेडल सणसणीत दाबावं लागतं. म्हणजे उजव्या पायानं. रुचिकाला काय करायचं ते माहीत होतं. पाय पेडलवर होताही. पण तो हळूच दाबला गेला, निखाऱ्याजवळ पाय न्यावा तसा. तेवढ्यात विमान डावीकडं भरकटलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

विनितांनी सिम्युलेटर थांबवला. दुखतंय का, म्हणून विचारलं. रुचिका म्हणाली, नाही. आणि ते खरं होतं.

"मग पाय दुबळा नाहीये तुझा," विनिता म्हणाल्या. "तू त्याला वाचवतेयस. तिथं वर त्याला वाचवायचं नाही, वापरायचा."

पुढच्या आठवड्यात परत यायला सांगून त्यांनी तिला घरी पाठवलं.

जेवताना रुचिकानं सगळं घरी सांगितलं. लपवायची तिची रीत नव्हती. लहानूंचा चेहरा उतरला, ते म्हणाले की आणखी थोडे दिवस थांबूया, घाई कशाला. शांताबाई उठून भांडी घासायला लागल्या. तरुणपणी त्यांनी पडघ्याच्या माहेरी शेतात भारे वाहिले होते, लग्नानंतर इथं लूमच्या कारखान्यात कांड्या भरल्या होत्या. ताटकळत बसणं त्यांना कधी मानवलं नव्हतं. भांडी उरकली, हात पुसले आणि त्या बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाटाला पाठ टेकून जमिनीवर पाय पसरून बसल्या.

"ये. बस समोर. लाव पाय माज्या पायाला."

रुचिका भिंतीला टेकून समोर बसली. तळव्याला तळवा लागला.

"आता ढकल."

तिनं ढकललं. आई हललीसुद्धा नाही.

"आई, तुला लागेल."

"मला काय बी व्हत न्हाय," शांताबाई म्हणाल्या. "बादल्या मीच उचलू दिल्या न्हाय तुला. माजीच चूक हाय ती. आता ढकल बघू, सोडू नको मला."

त्या रात्री फार काही जमलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पायाचा व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, खुशाल करा. लहानू आधी दारातून नुसते बघायचे. मग तेही सामील झाले आणि त्यांनी आपलं काम ठरवून घेतलं. कुठलं इंजिन गेलं ते ओरडायचं. 'डावं गेलं' म्हटलं की उजवा पाय, 'उजवं गेलं' म्हटलं की डावा, आणि तेही एका क्षणात. त्यांना यात इतकी गोडी लागली, की ते वेळ-काळ बघेनात. रुचिका चहा ओतत असली तरी मागून 'डावं गेलं' यायचं आणि ती ओट्याच्या भिंतीला पाय रोवायची.

शनिवारी असंच झालं. मायलेकी समोरासमोर बसलेल्या, लहानूंनी हाक दिली, आणि रुचिकाचा उजवा पाय विचार न करता असा गेला, की शांताबाई कपाटासकट मागं सरकल्या. कपाटावरची सुटकेस धाडकन खाली आली.  मग शांताबाई पोट धरून हसायला लागल्या, त्यांना बोलता येईना. रुचिका आधी धावली, आईला काही लागलं का ते पाहिलं, आणि मग तीही तिथंच जमिनीवर बसून हसत सुटली. लहानू सुटकेस उचलून ठेवताना म्हणत राहिले, की हे कपाट तर चार माणसांना हलत नव्हतं.

पुढच्या खेपेला विनितांनी डावं इंजिन पाडलं तेव्हा विमानाचं नाक जरा थरथरलं आणि सरळ राहिलं. त्यांनी ते पुन्हा पाडलं, पाऊस घालून पाडलं, वारा आडवा लावून पाडलं. शेवटी हेडफोन काढून त्या म्हणाल्या, "झालं." परीक्षा दुसऱ्या कॅप्टननी घेतली, तीही ती पास झाली.

खऱ्या विमानातली पहिली फेरी नागपूरची होती, सकाळची, शेजारी विनिताच. जातानाचं उतरणं रुचिकानं केलं. चाकं जरा दणकून टेकली. मागं एक बाळ रडायला लागलं आणि विनितांनी भुवई उंचावली, एवढंच. येताना विमान पुन्हा तिच्याच हाती होतं. या वेळी मुंबईत ते असं टेकलं, की कधी टेकलं हे सांगावं लागावं.

विमान जाग्यावर उभं करून इंजिनं बंद केल्यावर विनितांनी विचारलं, "उतरताना उजव्या हाताला भिवंडी होती. दिसलं का घर?"

रुचिका थबकली. तिनं पाहिलंच नव्हतं. वारा, वेग, उंची, रेडिओ यात ती अशी गढली होती, की खाली आपलं गाव आहे हेही ध्यानात आलं नव्हतं. पायाचाही विचार डोक्यात आला नव्हता, हे तिला आत्ता कुठं जाणवलं.

"नाही मॅम, कामात होते."

"बरं झालं. बघत बसली असतीस तर मला काळजी वाटली असती."

दुपारी ती घरी पोचली तेव्हा शांताबाईंनी आधी पायाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं, आणि काही न विचारता ताट वाढायला घेतलं. लहानू गच्चीवरून खाली आले. उन्हानं रापलेले, डोक्याला रुमाल.

"सकाळधरनं वर बसलेत," शांताबाई म्हणाल्या. "जे इमान जाईल ते आपल्या पोरीचंच म्हंतात."

लहानू हात धुऊन पाटावर बसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, की असू दे, त्यातलं एक होतंच.